मोठ्या साडूचा नेम

१० ऑक्टोबर १९९९, घटस्थापना
आजपासून बंदुकीच्या गेमचा सराव. आमच्या गाळ्यात सहादेवचा कॉम्प्युटर क्लास आहे. दुपारी मशीन रिकामी असतात. परवा तिथं धाकटा साडू काकासाहेब मला हरवून गेला आणि कोल्हारच्या चौकात म्हणाला, "दादा, तुमी आपल्या शेळ्या राखा. बंदूक आमच्याकडं द्या." मी भडकलो. बोलून बसलो की दसऱ्याला पुन्हा खेळू. हरेल त्यानं सासऱ्यांच्या ओट्यावर, सगळ्यांदेखत, दुसऱ्याला आपट्याची पानं देऊन पाया पडायचं.
मी मोठा साडू. आजवर तोच वाकत आलाय, यंदाही वाकेल. नेम माझा मुळात चांगला. लहानपणी गोफणीनं कणसांवरची पाखरं उठवायचो.

१२ ऑक्टोबर
सगळ्या गोळ्या जमिनीत. सहादेव म्हणाला, "मामा, रात्री बांधावर साप बघत चालल्यागत खाली बघताय. पडद्यावरची नेमाची फुली समोरच्याच्या डोक्याच्या उंचीवर धरून चाला." पायाखाली न बघता चालायचं? हा गेम बनवणारा कधी रानात गेलेला नाही.

१३ ऑक्टोबर
सहादेवचं नवीन: पळताना गोळी मारू नका, क्षणभर थांबा, मग मारा. थांबलो. मेलो. उद्यापासून थांबणार नाही.

१४ ऑक्टोबर
न थांबता मेलो. कोपऱ्यापलीकडं बघायला खुर्चीतून वाकलो तर खुर्चीसकट खाली. खुर्ची हलक्या मालाची आहे. शिवाय नऊ दिवसांचा उपवास. साबुदाण्यावर कुणाचा नेम लागलाय?
मालन म्हणाली, "पायात चप्पल न्हाई, पोटात अन्न न्हाई, आन् तोंडात शिव्या. देवीनं काय समजायचं?" बायको असून कळत नाही. शिव्या नव्हत्या, काकासाहेबाचं नाव घेत होतो.

१६ ऑक्टोबर, पहाटे
जप करताना डोळ्यांपुढं फुली आली. मधोमध काकासाहेब. देवीची माफी मागितली. पण फुली डोक्याच्या उंचीवर होती, हे नोंदवून ठेवतो.

१७ ऑक्टोबर
आज एक मारला! तो सहादेव होता, मला शिकवायला मुद्दाम उभा राहिलेला. मारला तो मारलाच.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी
कोयते, विळे, पाण्याची मोटर, मोटरसायकल, सगळ्यांची पूजा झाली. मग विचार केला, उद्या ज्यानं लढायचं ते शस्त्र उपाशी का? गाळ्याची दुसरी किल्ली माझ्याकडं असतेच. माझा माऊस पाण्यानं धुतला, वरून-खालून भरपूर हळदकुंकू, झेंडूचं फूल. शेजारी काकासाहेबासाठी ठेवलेल्या मशीनचा माऊस होता. त्याला बोटही लावलं नाही. देवीला गोंधळ नको.

१९ ऑक्टोबर, दसरा
माऊस कितीही ढकलला तरी फुली जागच्या जागी थरथरायची. बंदूक जमिनीकडं. काकासाहेब समोर येऊन उड्या मारत होता. मी ओरडलो, मशीनमध्ये दगा आहे! सहादेवनं माऊस उलटा करून झाकण काढलं. आतली गोळी लालभडक, चाकांवर कुंकवाचा लगदा. "मामा, ह्ये कुनी केलं?" सगळ्यांनी माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडं बघितलं.
काकासाहेबानं नखानं तो लगदा खरवडला आणि बोट माझ्यापुढं धरलं. "देवीचं हाय, दादा. वाया कशाला? तुमीच लावा मला." लावलं.
हरलो ते हरलोच. मग सासऱ्यांचा ओटा. पानं दिली. वाकलो. त्यानं खांद्याला धरून उठवलंही नाही. वरून आवाज आला, "खालचा नेम मातर तुमचा पक्का हाय, दादा."
सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मालन.