शेवटच्या पंगतीतला अंक

पिंपरी,
१४ नोव्हेंबर १९५७

प्रिय इंदुताईंना शालनचा नमस्कार.

बोटीनं आलेला तो परदेशी मासिकाचा अंक आपल्याच ग्रंथालयात होता, मग मला तो का दिसला नाही, असं तुम्ही विचारलंत.  आधी इकडचं कळवते, इंदुताई.

आपल्या संशोधन संस्थेच्या कुंपणापलीकडे आमच्या शेताची उरलेली पट्टी होती, तिथे आता नव्या कारखान्याचा पाया खणताहेत. वडील रोज जाऊन बघून येतात. तुम्ही नोकरी सोडून गेल्यावर तुमच्या खोलीची किल्ली मी परत केली. तुमच्या बुरशीच्या बाटल्या प्रयोगशाळेतल्या थंड कपाटात अजून आहेत. त्या काढू का, असं तुमच्या जागी आलेल्या नव्या बाईंनी विचारलं. राहू द्या म्हटलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही.

साताऱ्याच्या हवेनं तुमचा खोकला कमी झाला का?

परवा जेवताना आईनं सहज विचारलं, तुमच्याकडं ती परदेशी मासिकं वाचतात कशी? मी सांगितलं. नव्या अंकाला नावांची चिठ्ठी टाचायची. पहिले संस्थेचे मुख्य यशवंतराव साहेब, मग हुद्द्याप्रमाणे बाकीचे. साहेब अंक घरी नेतात, आणि तो परत मागायची कुणाची छाती होत नाही.

आई हसली. "आपल्यावानीच हाय की. आदी पुरुषांची पंगत, मग बायांची. पर तवर शिळं न्हाई व्हत व्हय गं त्ये?"

माझा हात ताटातच राहिला.

दोन वर्षं खपून तुम्ही बुरशीतून जे औषधी द्रव्य वेगळं काढलंत, ते जपानी लोकांनी आधीच छापलं होतं, आणि तो अंक साहेबांच्या घरी पडून होता. चिठ्ठीत तुमचं नाव सगळ्यांत खाली. ती चिठ्ठी मीच टाइप केलेली. ग्रंथपालाच्या परीक्षेत मी 'ज्ञान सर्वांचं' यावर पानं भरून लिहिलं होतं. घरातली पहिली पदवीधर मी, पण मला ती चिठ्ठी कधी खटकली नाही. घरी आम्ही बायका शेवटीच बसतो.

सोमवारी नवे अंक आले. मी एकालाही चिठ्ठी लावली नाही. खिडकीजवळच्या मोठ्या मेजावर सगळे मांडले. त्यांच्या अनुक्रमणिका टाइप करून कॅन्टीनच्या दाराला लावल्या, पुण्याच्या कॉलेजांनाही टपालानं धाडल्या.

साहेबांनी येऊन आपला अंक मागितला. म्हटलं, मेजावर आहे, इथेच बसून वाचायचा आहे.

"हे कुणाच्या हुकमानं?"

"कुणाच्याच नाही, साहेब. मीच ठरवलं."

ते उभेच राहिले. मग म्हणाले, महिनाअखेरीला बघू. म्हणजे माझी नोकरी जाऊ शकते, हे मला कळलं. भीतीही वाटली नाही. कोपऱ्यात तुमच्या विभागातले हिंदुराव वाचत होते. साहेबांना पाहून अंक मिटून उठायला लागले. मी म्हटलं, "बसा." ते बसले. साहेबांनी थोड्या वेळानं समोरची खुर्ची ओढली.

तुम्ही परत या, असं लिहिण्याचा हक्क मला नाही.

उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या काल घरी आणल्या आणि सकाळी बंबात घातल्या. पाणी तापलं.

तुमचं नाव शेवटी टाइप करणारी,
शालन