तुती की अक्रोड

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरी आहोत. तू आणि वहिनीही बरी असाल, असं धरून चालते.

कामाचं आधी. मागच्या उन्हाळ्यातल्या वादळात अंगणातलं शिरीषाचं झाड पडलं. कोणाला लागलं नाही, फक्त कुंपण मोडलं. आता त्या जागी काय लावायचं, एवढाच प्रश्न आहे. झाड मोठं आणि पानं गाळणारं हवं, म्हणजे उन्हाळ्यात सावली मिळेल आणि थंडीत ऊन. इथवर आमचं एकमत आहे.

पुढचं आपल्या घरच्या पद्धतीने, हात वर करून. आई गेल्यावर तिघं होतो तोवर निकाल लागायचा. तू गेल्यापासून प्रत्येक मतदान एकाला एक. पुढच्या खोलीच्या भिंती खरवडून तशाच पडल्या आहेत. मला पांढरा रंग हवा, बाबांना पिवळा.

मी तुतीला हात वर केला, बाबांनी अक्रोडाला.

"तुती चार-पाच वर्षांत सावली देईल, बाबा. अक्रोडाला पंधरा तरी लागतील."

"लागू देत. आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?"

"पण तोवर तुम्ही..."

"बोल की, इंजिनीअरबाई. आकडे काढतेस तर पूर्ण काढ."

झाड पडल्यावर उरलेला उन्हाळा ते रोज दुपारी अंगणात खुर्ची घेऊन बसले. शिरीषाची सावली जिथे पडायची नेमकी तिथे, आणि ती सरकायची तशी खुर्ची सरकवत. मी खिडकीतून पाहत होते. जागा कधी चुकली नाही. डॉक्टरांनी उन्हात बसायला मनाई केली आहे. आणखीही काही सांगितलं, ते पत्रात नको.

रविवारी मी मत बदललं. तुतीची मुळं सांडपाण्याच्या पाइपात शिरतात. ऑफिसात मी रोज तेच निस्तरते. पहिल्या मतदानाच्या वेळीही मला ते माहीत होतं. पुन्हा मतदान घेऊ म्हटलं आणि अक्रोडाला हात वर केला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "माझं मत तुतीला."

"का?"

"कारण सांगायचा नियम नाही."

दादाने पत्राने मत कळवलं तर चालेल का, असं मी विचारलं. "हात दिसला पाहिजे," म्हणाले.

तुझ्या जाण्यावरचं मतदान दोन विरुद्ध एक होतं. तू तरीही गेलास, त्याला ते अजून नियमभंग म्हणतात. पण तुझं मत रद्द झालं, असं कधीच म्हणाले नाहीत.

खड्डा खणून झाला आहे. दोन्ही रोपं नर्सरीवाल्याकडे ओल्या गोणपाटात बांधून ठेवली आहेत. त्यांतलं एक कोंब फुटायच्या आत लावायला हवं, फार तर महिनाअखेरपर्यंत. दोन्हीपैकी कोणतंही चालेल. मला चालेल, आणि माझ्या अंदाजाने त्यांनाही.

एका हातासाठी अडलेली,
तुझी धाकटी