तीन पायांची कोंबडी

पिंपरी, ८ जानेवारी १९७४

चि. सौ. शैला हिस पद्मजाताईचे आशीर्वाद.

आम्ही मजेत. यांची सध्या सकाळची शिफ्ट आहे. मुलांच्या कापडी पुस्तकांचे माझे कागदी नमुने बायका घरी शिवायला हौसेनं विकत नेतात. छकुलीला दात आले का?

परवा कॅम्पातल्या दुकानात एक शिवलेलं पुस्तक टांगलं होतं, हुबेहूब माझंच! मला शेजारच्या रहमतबींचाच संशय आला, कारण प्रत्येक नमुना आधी त्याच शिवून बघतात. मग पान उलटलं, तर कोंबडीला तीन पाय.

ती चूक माझ्या एकाच कागदावर झाली होती. विकायचा कसा, म्हणून छकुलीसाठी तुला पाठवला होता.

छकुलीला तिचं पुस्तक आवडलं का, तेवढं कळव.

तुझी ताई