उजवीकडची झांज

१२ जाने., सोम.
सकाळीच विमलताईंचा फोन. "वैदेही, पाचव्या पदात झांज कानात टोचते गं. उजवीकडून. सुई घातल्यासारखी."
म्हटलं, मोबाइलवर ऐकलंत का? म्हणाल्या, हेडफोन लावून ऐकलं, दोनदा. थोडा रागच आला. वीस दिवस या सात पदांचे गळा-वाद्यांचे आवाज जुळवत बसलेय. ताईंच्या वडिलांची पदं, ते कीर्तनात म्हणायचे. कुठे लिहिलेली नाहीत, चालीसकट येतात ती एकट्या ताईंना. वय शहात्तर. डिसेंबरात माझ्या या रेकॉर्डिंगच्या खोलीत चार दिवस आवाज लागला, तेवढाच. परत लागेल असं त्या स्वतःच म्हणत नाहीत.
दुपारी मिक्स उघडून ऐकला. मला तर झांज मागे गेलेली वाटते.

१३ जाने., मंगळ.
रेफरन्स लावला. तेच बासरीचं रेकॉर्डिंग, बारा वर्षं कामाआधी ऐकते ते. त्याचा आवाज माझ्या मिक्सएवढा खाली आणायचा, मग एकदा ते, एकदा माझं. खोली फसवते, थकलेलं डोकं फसवतं, ते रेकॉर्डिंग फसवत नाही.
आज त्यातला उजवीकडचा तानपुरा बोथट. तारेवरची किणकिण नाहीच. सगळं गाणंच डावीकडे सरकल्यासारखं.
तारा तपासल्या. दोन्ही स्पीकर अदलाबदल करून पाहिले. तरी उजवीकडेच बोथट. हेडफोन उलटे घातले. तरी उजवीकडेच.
म्हणजे स्पीकर नाही, हेडफोन नाही.
पुढे लिहवत नाही.

१४ जाने. संक्रांत
हळदीकुंकू. दूधविनायक मोहल्ल्यातल्या दहा-बारा जणी आल्या. उजव्या हाताला बसलेल्या काकू काहीतरी सांगत होत्या, मी तिळगूळ देता देता हसून "हो ना, छान" म्हटलं. त्या तिळगूळ न घेताच उठल्या. मागाहून कळलं, त्यांची बहीण गेली ते सांगत होत्या.


१५ जाने., गुरु.
नवऱ्याला, माधवला, सांगितलं. बँकेत निघायच्या घाईत होता. "सर्दी असेल. नाहीतर मळ. मोहरीचं कडू तेल कोमट करून घाल, सगळं बनारस तेच करतं." घातलं. तेलाने काही नाही.
मग एक सुचलं, सुचलं नसतं तर बरं. या मिक्सच्या जुन्या फाइली एकेक उघडल्या. रोज संध्याकाळी वेगळी जपून ठेवते. पाच तारखेपर्यंत झांज ठीक. सहाला उजवीकडची धार, म्हणजे वरचे सूर, मी जराशी वाढवलीय. आठला अजून. नऊला अजून. अकराला इतकी, की कुणी शिकाऊ माणसाने केली असती तर मी हाकललं असतं.
मी धार वाढवत होते आणि कान तेवढाच खाली जात होता. सहा दिवस. आणि रोज वाटायचं, आज बरं जमलं.

१६ जाने., शुक्र.
लंका मोहल्ल्यातले कानाचे डॉक्टर. माधवने रजा टाकली.
आधी तपासणी. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डावा कान झाला. उजव्याला बराच वेळ काहीच नाही. काचेपलीकडे मशीनवाल्या बाईचं बोट हललेलं दिसायचं. मी बोट बघून दाबायला लागले. तीन-चारदा. आठवीतल्या पोरीसारखी कॉपी. मग डोळे मिटले आणि तिला म्हटलं, फिर से कीजिए.
डॉक्टर: "कब से है?" म्हटलं, सहा तारखेपासून. "इतना पक्का कैसे पता?" फाइलींचं सांगितलं. त्यांनी कागदावर तारीख लिहून घेतली. "नस का मामला है। उसी हफ़्ते आ जातीं तो अच्छा था।"
गोळ्या आजपासून. आठ दिवसांनी कानाच्या पडद्यातून सुई. हेडफोन बंद.
विचारलं, लौटेगी? "किसी की लौटती है, किसी की नहीं।"
परतताना रिक्षात माधव माझ्या उजवीकडे बसला होता. एकदम उठून डावीकडे आला. त्यानेच रडू आलं.

१८ जाने., रवि.
गोळ्यांनी झोप उडालीय, तोंड सुजलंय. दिवसभर दोन्ही कानांजवळ बोटं चोळून बघते. डावीकडे खसखस. उजवीकडे काही नाही. परत डावीकडे. डावाही गेला तर, हे कुणाला बोलून दाखवलं नाही. माधव म्हणतो पुण्याच्या कुणाला तरी फाइली पाठव, ते मिक्स करतील. बरोबरच म्हणतो. मी दार लावून घेतलं.

२० जाने., मंगळ.
मी शिंदे घाटाजवळ ताईंकडे गेले. त्यांना वाटलं, पदं झाली म्हणून आले. सगळं सांगितलं. टोचते म्हणालात तेच बरोबर होतं, मी बहिरी होत चाललेय.
ताई शेगडीवर हात शेकत होत्या. हात न काढताच विचारलं, "भीती वाटते?"
"फार."
"वाटणारच. डिसेंबरात तुझ्यापुढे बसले तेव्हा रोज मला वाटायची, आज आवाज नाही लागला तर. तू चहा करून आणायचीस, मी तो प्यायचे आणि भीत बसायचे."
मला कधी कळलंच नव्हतं.
म्हणाल्या, "उद्या येते. तू लाव, मी ऐकते."

२१ जाने., बुध.
ताई जिना चढून आल्या, दम लागला होता. माझ्या खुर्चीत बसवलं. एकदा बासरी, एकदा पाचवं पद, आळीपाळीने, सारख्या आवाजात. ताई बोट खाली करतील तशी मी उजवीकडची धार उतरवत गेले. एका जागी थांब म्हणून हात उघडा धरला, "हं. आता अण्णांच्या बाजूला उभं राहून वाजवणाऱ्यासारखी वाटते." अण्णा म्हणजे त्यांचे वडील.
मला मात्र झांज जवळजवळ ऐकूच येत नव्हती. मी न ऐकता जपून ठेवलं.
त्या गेल्यावर शंका. शहात्तराव्या वर्षी वरचे सूर कुणाला धड ऐकू येतात? त्यांनाही सगळी झांज ऐकू येत नसेल तर? पण टोचलं होतं त्यांनाच, मला नाही.
अजून सहा पदं.

२४ जाने., शनि.
काल सुई झाली. अर्धा तास एका कुशीवर, न बोलता, न गिळता. कानात गार पाणी ओतल्यासारखं, मग छत फिरलं. माधवने हात धरला होता. आज पडून.

३१ जाने., शनि.
काल दुसरी सुई. आज दुपारी डाव्या कानात बोळा घालून बासरी लावली. स्पीकरवर, हळू. दुसऱ्या मिनिटाला तानपुऱ्याची किणकिण आली. बारीक, पण आली.
मग लक्षात आलं. बारा वर्षांचं पाठ गाणं. कुठे काय येतं ते मला झोपेतही माहीत. ऐकलं की आठवलं?
तीनदा लावलं. तीनदा आलं. तीनदा कळलं नाही.
माधवला म्हटलं, मी कधीच न ऐकलेलं काहीतरी शोध. तानपुरा असलेलं. नाव सांगू नकोस. तो पलीकडच्या खोलीत मोबाइल घेऊन बसलाय, अर्धा तास झाला. म्हणतो, तुझं न ऐकलेलं सापडणं कठीण आहे.
तोवर हे लिहितेय. वही बंद करावीशी वाटत नाही. शोधत राहिला तर बरं, असंही वाटतं.
आला. बोळा घालते.