वाढती टेकडी

केळझर, ३ मे १९८६
पोचले एकदाची! नाशिकहून येईतो घामानं अर्धी झाले, पण घर झकास आहे. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आणि माझा लाडका प्लॉटर, मागे अंगणात विहीर. गावातले मदतनीस रूपराव गावोगावच्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल ते सांगणार, मी आकडे प्रोग्रॅमला चारणार आणि प्लॉटर पेनानं कागदावर मुलूख काढणार: पाणी वर तिथं टेकडी, खोल तिथं दरी. चित्रं नागपूरच्या प्रदर्शनात लागायची आहेत. घरमालकीण देवकाबाई लेकीकडं पुलगावला गेल्या. मला लोणच्याची बरणी आणि अख्खं घर!

९ मे
ऊन मी म्हणतंय. विहिरी आटल्या, चित्र सपाट झालं. अंगणातल्या विहिरीचं माप मीच घेते. तिथं मात्र इवलीशी टेकडी उठलीय. कमालच!
घर गावाबाहेर. दुपारी चिटपाखरू नसतं. माणसाचा आवाज ऐकावा म्हणून विहिरीत वाकून माझंच नाव घेतलं. आतून "सुलोचना" आलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

१४ मे
आता तीच टेकडी सगळ्यांत उंच. रूपराव म्हणाले, वैशाखात कुठं पाणी चढतं? त्यांनी स्वतः टेप सोडली. वजन खडकावर खणकन वाजलं. "हे त कोरडी ठणठण हाय, बाई. तुमी कायचं माप घेऊन राह्यल्या?" मग म्हणाले, आमच्या घरी राहायला या. उद्या येते म्हटलं.
ते गेल्यावर मी टेप सोडली. जराशी आत गेली आणि कशावर तरी टेकून सैल पडली. ओढून घेतली तर कोरडी.

१६ मे
गेले नाही. लिहायची लाज वाटते. रूपरावांकडं मी नुसती "बाई". इथं मला नावानं कोण हाक मारतं?
आज मी वाकायच्या आधीच हाक आली.

१७ मे
भीती वाटते. विहिरीवर पत्रा टाकला, वर दगड. आकडा भरला नाही. तरी प्लॉटर चालू — टेकडी कागदाबाहेर — पेन टेबलावर ओरखडे काढतंय —

१८ मे
सामान बांधलं. संध्याकाळी रूपराव गाडी आणतील. तोवर दार उघडायचं नाही, ओ द्यायची नाही.

भर दुपारी पत्रा पडला. अंगणात पावलं —

"सुलोचना." माझाच आवाज —

पुन्हा. किती मायेनं. आई गेल्यापासून असं कुणी —

तोंडून ओ निघून गेली.

कडी तर लावलेलीच आहे. मग खांद्यावर हा