हयातीचा दाखला

शुक्रवार, १० एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, तूही असशील. आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. तेव्हापासून तिला घरातली जळमटं दिसायला लागली आहेत आणि ती मला रोज शिडीवर चढवते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी दुसरं मशीन घेतलं. दुपारची झोप गेली, पण तक्रार करायला गेलो तर त्यांनी माझ्या पँटची चेन फुकट बदलून दिली, मग काय बोलणार!

माझा गुडघा बरा आहे.

खरं तर हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, कारण काल फोनवर तू आईला तेच विचारलंस. दर गुरुवारी तुमचा मायलेकींचा फोन येतो तेव्हा ती बाल्कनीत जाते आणि मी बातम्यांचा आवाज बारीक करतो. तिला वाटतं मला ऐकू येत नाही, मला वाटतं तिला कळत नाही. काल ती आत आली आणि म्हणाली, "ती विचारत होती, त्यांचा गुडघा कसा आहे म्हणून." मग माझ्याकडे बघत उभी राहिली. सात वर्षांत तू माझ्याबद्दल चकार शब्द काढला नव्हतास. गुडघ्याचं दुखणं तर तू गेल्यानंतरचं. आईने तुला ते कधी सांगितलं नव्हतं, मी तिला खोदून खोदून विचारलं. म्हणजे तू तो फोटो पाहिलास.

तर आता सांगतो. गेल्या महिन्यात मी तुझ्या शहरात येऊन गेलो. तीन दिवस होतो. आमच्या खात्यातल्या निवृत्त लोकांची बैठक होती. एक सकाळ मोकळी मिळाली. हॉटेलच्या काउंटरवर एक पत्रक होतं, 'लाटेवर उभं राहायला शिका, वयाची अट नाही, पोहता आलंच पाहिजे असं नाही.' म्हटलं, बघू तरी काय गंमत आहे. शाळा तुझी आहे हे डोक्यातही नव्हतं.

वरचा परिच्छेद खोटा आहे. खोडणार होतो, पण राहू दे. इतकी वर्षं दुकानदारांची वजनं तपासली, खोटं वजन सापडलं की ते जप्त करून पिशवीत घालायचं, फेकायचं नाही, असा नियम होता.

बैठक वगैरे काही नव्हती. आईने बॅग भरताना विचारलंच, "बैठकीला पोहायची चड्डी कशाला लागते?" मी म्हटलं, हॉटेलात तलाव आहे. ती म्हणाली, "तुम्ही आणि तलाव!" आणि वर एक टॉवेलही घातला. आईच्या फोनवर तुझ्या शाळेचं पान मी कितीतरी वेळा चोरून पाहिलं आहे. बुधवारी सकाळी सातचा नवशिक्यांचा वर्ग तू घेतेस, हे मला पाठ होतं. चारचौघांत, पैसे भरून आलेल्या विद्यार्थ्याला तू हाकलणार नाहीस असा माझा हिशेब होता. दीड तास तुला माझ्याशी बोलावंच लागलं असतं, 'गुडघे वाकवा' एवढं तरी.

आणि नेमकी त्याच दिवशी तू नव्हतीस. जीवरक्षकांची परीक्षा घ्यायला दोन दिवस बाहेरगावी गेली आहेस असं कळलं. वर्ग घ्यायला तुमचा तो दांडगा माणूस होता, ज्याला सगळे पाणघोडा म्हणतात आणि तोही खुशाल ओ देतो. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण त्याने तोवर माझ्या हातात रबरी सूट दिला होता. तो चढवायला मला अठरा मिनिटं लागली आणि बाहेर आल्यावर कळलं की उलटा चढवलाय, चेन पाठीवर असते. पुन्हा आत गेलो. सूटवरून गुडघ्याची पट्टी बांधली, त्यामुळे मी आणखीच विनोदी दिसत होतो.

आम्ही चौघं होतो. एक नवपरिणीत जोडपं, एक दातांच्या डॉक्टरीणबाई आणि मी. जोडप्यातला नवरा आधीच सगळं येत असल्यासारखा बोलत होता, त्यामुळे तो सर्वांत जास्त वेळा पडला. आधी वाळूवरच शिकवणी. फळीवर पालथं झोपायचं, हाताने पाणी मारल्यासारखं करायचं, मग तळवे छातीशी टेकवून एक, दोन, तीन म्हणत उभं राहायचं. मला उभं राहायला नऊपर्यंत मोजावं लागत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, घाई कुणाला आहे? दात काढायचा नाहीये." पाणघोडा सारखा ओरडत होता, "पायांकडे बघू नका, किनाऱ्याकडे बघा!" मी पायांकडेच बघत होतो. माझं सगळं आयुष्य काटा कुठे थांबतो ते खाली मान घालून बघण्यात गेलं.

मग पाण्यात गेलो. कमरेएवढंच पाणी, पण तुला माहीत आहे मला पाण्याची किती भीती आहे. म्हणजे तुला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. मी ते कधी कबूल केलं नव्हतं. तू आठ-नऊ वर्षांची असताना तलावावर "बाबा, तुम्हीपण या ना" म्हणून हाका मारायचीस आणि मी बाकावर बूट घालून पेपर वाचत बसायचो. वर घड्याळ दाखवून ओरडायचो की आठ मिनिटं उशीर झाला. तुला वाटलं असेल, बाबांना आवड नाही. बाबांची तंतरली होती, दुसरं काही नाही.

पाणघोड्याने माझी फळी मागून धरली होती. लाटा येत नव्हत्या, आम्ही वाट बघत थांबलो होतो. माझे दात वाजत होते. तो म्हणाला, "काका, अंग सैल सोडा. आमच्या ताई असत्या तर तुमची भीती पाच मिनिटांत घालवली असती."

मी म्हटलं, "ताई कोण?"

"शाळा त्यांचीच आहे. त्यांना त्यांच्या वडिलांनी पोहायला शिकवलं. पोटाखाली दोन बोटं धरायचे म्हणे, फक्त दोन. आणि बोटं काढायच्या आधी सांगायचे, आता काढतोय बरं का. न सांगता कधी सोडलं नाही. ताई आम्हालाही तसंच शिकवायला लावतात. फळी सोडायच्या आधी ओरडून सांगायचं."

मी विचारलं, "कुठे असतात वडील?"

"वारले हो. सहा वर्षं झाली. बारा मार्चला. त्या दिवशी आम्ही शाळा बंद ठेवतो. गेल्याच आठवड्यात होता की."

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हटलं, "अरेरे! कशाने गेले?"

"ते काही त्या सांगत नाहीत," तो म्हणाला. "पण माणूस फार चांगला होता म्हणे." मग त्याने मागे बघितलं आणि ओरडला, "काका, आली! सोडतोय बरं का!"

ठमे, मी त्या लाटेवर उभा राहिलो. मोजलं नाही, पायांकडे बघितलं नाही, डोक्यात काही नव्हतंच. डॉक्टरीणबाई म्हणतात चार सेकंद होतो. मग पडलो, नाकातोंडात पाणी गेलं, वर आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते. मी रडत होतो. पाणघोडा म्हणाला, पहिल्या लाटेला पुष्कळ लोक रडतात. नंतर आमचा सगळ्यांचा फोटो काढला, माझ्या गुडघ्याच्या पट्टीसकट. भिंतीवर लावतो म्हणाला आणि नाव विचारलं. मी म्हटलं, नुसतं 'काका' लिहा.

हॉटेलात परत आलो आणि आधी मला तुझा राग आला, हे लपवत नाही. जिवंत बापाला मारते म्हणजे काय! मग आठवलं, मीच सांगितलं होतं. तू राजीनामा दिलास त्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर. माझ्याच खात्यातली कायमची नोकरी, परीक्षा देऊन मिळवलेली, अकरा महिन्यांत सोडलीस, आणि तो कागद माझ्याच टेबलावरून वर गेला. मी म्हणालो होतो, "पाण्यात खेळायला जाणार असशील तर बाप मेला असं समज." तू लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारी मुलगी.

पण माझा हिशेब जुळेना. टेबलावर बोललो त्याला सात वर्षं झाली, आणि पाणघोडा म्हणतो सहा. शिवाय ते जानेवारीत झालं होतं. बारा मार्च तर माझी जन्मतारीख. वाढदिवसाला कोण मरतं? पलंगावर बसून ओल्या टॉवेलाकडे बघत होतो तेव्हा एकदम उमगलं. नाही, उमगलं म्हणणं खोटं आहे. माहीत होतं, आठवायचं टाळत होतो.

माझा साठावा वाढदिवस. ऑफिसातली सगळी मंडळी घरी आली होती. त्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की मुलगी पुढच्या शिक्षणाला परदेशी गेली आहे. हॉलमधला फोन वाजला, मी उचलला. तू म्हणालीस, "बाबा, मी बोलतेय." मी त्यांच्याकडे बघितलं. आणि म्हणालो, "राँग नंबर." आणि ठेवला. कुणीतरी विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, कुणी नाही. आई आत केक कापत होती, तिला मी हे आजवर सांगितलेलं नाही.

म्हणजे टेबलावरच्या बोलण्याने मी मेलो नव्हतो. वर्षभर तू मला जिवंतच ठेवलं होतंस. आणि मग शुभेच्छा द्यायला फोन केलास. नंबर बरोबर होता, ठमे. मी तुझा आवाज पहिल्या शब्दालाच ओळखला. तू किती वेळ रिसीव्हर धरून बसली असशील, याचा विचार मी सहा वर्षं केला नाही आणि गेल्या तीन आठवड्यांत दुसरा कसलाच केला नाही.

माझं चुकलं. यावर काही कारण देत नाही. कारणं माझ्याकडे भरपूर आहेत, पण एकही पूर्ण वजनाचं नाही.

त्या दोन बोटांचं मला कळत नाही. कधी केलं मी असं? खूप आठवून पाहिलं. मी केलेलं नाही. तुला तलावावरच्या शिक्षिकेने शिकवलं असेल, किंवा तू आपली आपणच शिकलीस. तरी लोकांना सांगताना तू ते माझ्या नावावर केलंस. मारायचंच होतं तर वाईट माणूस म्हणूनही मारता आलं असतं, तुझा तो हक्क होता. तू चांगला बाप तयार केलास आणि मग तो वारला म्हणून सांगितलंस. मी मात्र तू समुद्रात उभी राहून लोकांची भीती घालवतेस हे सांगायची लाज वाटली म्हणून तुला परदेशी पाठवलं. मला त्या मेलेल्या माणसाचा हेवा वाटतो. त्याला आहे तसाच राहू दे. पाणघोड्याला काही सांगायची गरज नाही, आणि बारा मार्चला शाळा बंद ठेवायची असेल तर ठेव.

दर वर्षी मला पेन्शनच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायला जावं लागतं. खिडकीतली बाई विचारते, "तुम्ही स्वतःच ना?" मी हो म्हणतो, सही करतो, ती शिक्का मारते. पत्र पाठवून चालत नाही, फोन करून तर नाहीच. माणसाला स्वतः समोर उभं राहावं लागतं. तिथे मी एक वर्षही चुकवलेलं नाही.

शनिवारी २५ तारखेला सकाळी सातच्या वर्गात मी नाव घातलं आहे. तो वर्ग तू घेणार आहेस, या वेळी तुमच्या कचेरीत फोन करून विचारून घेतलं. आईला आज रात्री सगळं सांगणार आहे, फोनचंही. ती माझ्याशी किती दिवस बोलणार नाही ते बघायचं. मी रांगेत इतरांसारखा उभा राहीन. तू मला काका म्हण, मी तुला मॅडम म्हणेन, तुझ्या लोकांना काही कळायचं नाही.

मी यायला नको असेल, तर कचेरीतून एवढाच निरोप पाठव की वर्ग भरला आहे. कारण विचारणार नाही आणि परत नाव घालणार नाही. निरोपाची वाट आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारपर्यंत बघेन. फोन मीच उचलेन आणि पूर्ण ऐकून घेईन.

अजून हयात असलेला,
तुझा बाबा