पाहुण्याच्या घरचं क्षेम

ता. ४ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

वि. वि. इकडे सर्व क्षेम. तुझं पत्र नाही म्हणजे तू साहेब झालास, असं धरून चालते.

आज कामासाठी लिहिते आहे. माझ्या बाइंडिंगच्या कारखान्यात दोन वर्षांपासून जो परदेशी कारागीर आहे, ज्याला आम्ही सगळे पाहुणा म्हणतो, त्याचा आश्रयाचा अर्ज तुझ्याच कचेरीत पडून आहे. त्याच्या देशात त्याने बंदी घातलेल्या एका पुस्तकाच्या दोनशे प्रती बांधून दिल्या. लिहिणारा पळाला, छापणारा तुरुंगात गेला, आणि याला गैरहजेरीत फाशी सुनावली. निकालाची नक्कल त्याच्याकडे आहे, पण तिच्यावर शिक्का नाही. परत पाठवला तर गेलाच समज.

माणूस गरीब आहे रे. पुठ्ठा कापताना शिट्टी वाजवतो, खळ सांडली की अंगातल्या सदऱ्यानेच पुसतो आणि माझी बोलणी खातो. काही करता येईल का ते कळव. सुनेला आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी वाट बघणारी
अक्का

ता. ११ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. नमस्कार,

साहेब कसला! अजून खालच्याच टेबलावर आहे. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, फायलीला लावायचा, एवढंच माझं काम. निर्णय वरचे तिघं घेतात.

तू मालकीण म्हणून एक पत्र दे. माणूस कसा आहे, कसा राहतो, ते लिही. बाबांच्या शिस्तीत लिही मात्र. रडगाणं नको, रडगाण्यांचे इथे ढीग पडलेत, कोणी वाचत नाही. तुझ्या हातचं पत्र वाचून दगडालाही पाझर फुटेल. फक्त माझं नाव त्यात कुठे येऊ देऊ नकोस.

गुडघ्याला जप. माया आहे ती राहू दे.

तुझा
भाऊ

ता. १९ फेब्रुवारी

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

इकडे सर्व क्षेम. पत्र कचेरीत पाठवलं. चार वेळा फाडून लिहिलं. बाबा म्हणायचेच ना, पत्रात दुखणं लिहू नये, वाचणाऱ्याचा दिवस नासतो. फाशीचं त्याने स्वतःच्या अर्जात लिहिलेलं आहे, म्हणून मी त्यात शिरलेच नाही. मी लिहिलं की हा सदा हसतमुख असतो, कधी घाबरलेला दिसला नाही. दर महिन्याला आईचं पत्र येतं, घरचे सगळे मजेत आहेत, कोणाचा त्रास नाही असं ती कळवते. चांगल्या घरचा मुलगा आहे हे त्यांना कळायला हवं.

पाहुण्याला वाचून दाखवलं. मान खाली घालून कामाला लागला. कौतुकाने लाजला असेल. त्याचं झालं की तुला पेढे माझ्याकडून.

आशीर्वाद आहेतच.
अक्का

ता. २ एप्रिल

ती. अक्कास सा. नमस्कार,

कसं लिहू कळत नाही. अर्ज फेटाळला. निकालातली ओळ उतरवून देतो: ‘मालकिणीच्या पत्रावरूनच दिसून येते की अर्जदारास भीती नाही व त्याचे कुटुंब सुखरूप आहे.’ काल सकाळी त्याला विमानात बसवलं. परवा त्याला कारखान्यातून नेलं तेव्हा तू फोनवर विचारलंस आणि मी माहीत नाही म्हणालो. माहीत होतं.

तुझं पत्र टेबलावर आलं तेव्हाच वाचून कळलं होतं की हे त्याच्यावरच उलटणार. हे मागे घे, दुसरं लिही, एवढं तुला सांगता आलं असतं. पण बहिणीसाठी कागद फिरवला असं कोणी म्हणेल, या भीतीने मी शिक्का मारला. अक्का, रडगाणं नको हे मीच तुला लिहिलं होतं.

रागाव, पण पत्र टाक.
भाऊ

ता. २७ मे

भाऊस,

इकडे क्षेम नाही.

नऊ तारखेला पाहुण्याला फाशी दिली. पेपरात आतल्या पानावर तीन ओळी होत्या. तूही वाचल्या असशील.

काल त्याच्या आईचं पत्र आलं, माझ्या नावाने, अकरा तारखेचं. त्याच्या एका गाववाल्याकडून वाचून घेतलं. ती लिहिते, इकडे सर्व ठीक आहे, मुलगा सुखरूप पोचला, त्याचा खळीचा सदरा धुऊन घडी करून ठेवला आहे. वाचणारा म्हणाला, तिकडे पत्रं पोलीस फोडतात, म्हणून सगळ्याच आया असं लिहितात.

हे मला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. बाबा तीन महिने दवाखान्यात होते आणि आई तुला होस्टेलवर दर आठवड्याला सर्व क्षेम लिहीत होती. ती पाकिटं पेटीत मीच टाकायचे. तू आलास तेव्हा बाबांची खाट रिकामी होती. आणि तीच मी, दुसऱ्या एका आईचं क्षेम खरं मानून बसले. फार चुकलं रे माझं.

फाइल बंद झाली हे मला माहीत आहे. तरी सोबतचा कागद घे, शिक्का मार, क्रमांक घाल आणि माझ्या पहिल्या पत्राला लाव. त्यात एवढंच लिहिलं आहे: कारखान्याचं दार वाजलं की त्याची शिट्टी थांबायची, आणि कोण आलंय ते दिसेपर्यंत तो श्वाससुद्धा घ्यायचा नाही. दोन वर्षं मी हे रोज पाहत होते.

लोभ आहे. पण यापुढे मला खरं लिहीत जा.

अक्का